बेलापूरच्या गोठ्यात माझी परीक्षा

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय, बॅटरी दुपारीच मान टाकते आणि कुठलंही ॲप उघडायला मी इतका वेळ घेतो, की माणूस तेवढ्यात पाणी पिऊन येतो. तरीही माझं आयुष्य मोठं मजेत गेलं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. श्रीरामपूरच्या दया टीचरांनी मला दुकानातून घरी आणलं, तिथून पुढचं सगळं आठवतं. नाताळची गाणी, शाळेच्या सहलींचे फोटो, पोरांच्या आयांचे फोन, असं पाच वर्षं मी सांभाळलं. मग घरात नवा मोबाईल आला आणि मी खणात गेलो. शेजारी दोन संपलेले सेल आणि एक मोडकी कात्री. वर्षभर कुणी मला चार्जिंगला लावलं नाही. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

मला बाहेर काढलं टीचरांच्या भाचीनं, प्रार्थनानं. ती कामाला होती त्या छोट्या कंपनीनं शेतकऱ्यांसाठी एक ॲप केलं होतं. गाय-म्हैस आजारी पडली की त्यावरून जनावरांच्या डॉक्टरांना गोठ्यावर बोलवायचं. पुष्कळांनी ते मोबाईलवर घेतलं, पण वापरत कुणीच नव्हतं. ॲप तयार करणारा अमृत म्हणायचा, "लोकांना शिकवायला पाहिजे."

"आधी आपण त्यांच्याकडून शिकू," प्रार्थना म्हणाली. "आणि आपल्या चकचकीत मोबाईलवर नाही. लोकांकडे असतो तसल्या मोबाईलवर."

'तसला' म्हणजे मी! माझ्या तड्याचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

आम्ही बेलापूरला मुक्ताबाईंच्या गोठ्यात गेलो. प्रार्थनानं मला त्यांच्या हातात दिलं. "मावशी, समजा तुमची ही गाय, गंगी, आजारी आहे. यावरून डॉक्टरांना बोलवा. मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. आम्ही मधे बोलणार नाही."

मुक्ताबाईंची बोटं ओली होती. त्यांनी दाबलं ते मला कळेचना. उन्हात माझी काच काळी दिसत होती. डॉक्टर कानाला लावून तपासतात त्या नळीचं चित्र बघून त्या म्हणाल्या, "ह्ये काय? वासराचं दावं हाय का?"

अमृतला राहवेना. त्यानं बोट पुढं केलं. प्रार्थनानं हळूच त्याच्या पायावर पाय दिला.

पुढं ॲपनं गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागितला. मुक्ताबाई थांबल्या. "आमी गंगीच म्हनतो तिला. नंबरानं कोन हाक मारतं?" मग मला खाली ठेवून त्या पुटपुटल्या, "न्हाई जमायचं बाई. मीच अडानी."

"मावशी, परीक्षा तुमची नाही," प्रार्थना म्हणाली. "परीक्षा या ॲपची आहे, आणि ते नापास झालंय."

अमृत मान खाली घालून वहीत लिहू लागला.

मग प्रार्थनानं 'तुम्हाला काय हवं' असं विचारलंच नाही. तिनं विचारलं, "मागच्या वेळी जनावर आजारी पडलं, तेव्हा काय काय झालं?"

मुक्ताबाई सांगू लागल्या. "पोराच्या फोनवरनं डॉक्टरला बोलावलं. घर कुठं म्हनले. म्हनलं, मारुतीच्या देवळामागं. त्ये गेले दुसऱ्याच मारुतीला. इथं येईस्तवर कालवड गेली हुती."

अमृतचं लिहिणं थांबलं. प्रार्थनानं माझ्यात लावलेलं रेकॉर्डिंग तेवढं चालू होतं.

असे नऊ गोठे आम्ही फिरलो. नंतर अमृतनं नवं ॲप आधी कागदावर काढलं, एकेक पान वेगळं. ती पानं त्यानं मुक्ताबाईंच्या बाजेवर मांडली आणि सांगितलं, "तुम्हीच लावा, कशानंतर काय पाहिजे."

मुक्ताबाईंनी गाईचं चित्र सगळ्यात आधी ठेवलं. "मग मला बोलू द्या. लिहिनं न्हाई. आन् घर त्या मोबाईलनंच सांगावं." बिल्ल्याच्या नंबराचं पान तेवढं उरलं. ते कुठं लावावं याचा विचार चालू असतानाच गंगीनं मान लांब केली आणि ते पान खाऊन टाकलं.

"तिला बी नगं हाय त्ये," मुक्ताबाई म्हणाल्या. अमृत इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पान त्यानं पुन्हा काही काढलं नाही.

दोन महिन्यांनी नवं ॲप माझ्यात घालून आम्ही परत गेलो. पण मुक्ताबाई घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. गंगीनं ओला चारा जास्त खाल्ला होता. तिचं पोट ढोलासारखं फुगलं होतं आणि ती धापा टाकत होती.

अमृतनं खिशातून स्वतःचा फोन काढला. पण मुक्ताबाईंनी प्रार्थनाच्या हातातून मलाच ओढून घेतलं. त्यांनी पदराला बोट पुसलं आणि गाईचं चित्र दाबलं. मी सगळा जोर लावून ॲप उघडलं. "डॉक्टर, गंगीचं पोट फुगलंय, लवकर या!" एवढंच त्या बोलल्या. घर कुठं आहे, ते मी कळवलं.

पंधरा मिनिटांत आसाराम डॉक्टरांची मोटारसायकल थेट गोठ्यासमोर थांबली. त्यांनी नळी घालून पोटातली हवा काढली. बऱ्याच वेळानं गंगी उठली आणि रवंथ करू लागली.

"आज घर कुठं म्हनून इचारलं न्हाई व्हय?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"आज सरळ दारातच आलो, मावशी," डॉक्टर हसून म्हणाले.

मुक्ताबाईंनी मला पदरानं पुसलं. अमृतनं पहिल्यांदाच वही बंद ठेवली होती. तो नुसता गंगीकडं बघत उभा होता.

आता मी प्रार्थनाच्या पिशवीतच राहतो. उद्या कुठल्या गावाला जायचं, कुणाच्या हातात बसायचं, याची रोज उत्सुकता असते.

मित्रांनो, एक मागणं आहे. घरात आजी-आजोबा मोबाईल पुढं करून "हे जरा बघ रे" म्हणाले, तर तो हातातून ओढून घेऊ नका. "एवढंही येत नाही?" असं तर मुळीच म्हणू नका. त्यांच्या शेजारी बसा. त्यांचं बोट कुठं अडतं ते नीट बघा. कदाचित चूक बोटाची नसेल, आमची असेल.