अध्यक्ष की पूल

नोटांच्या छापखान्यातल्या खोदकाराला सगळे उस्ताद म्हणत, आणि उस्तादांची त्याला काही हरकत नव्हती. देशाच्या पहिल्या अध्यक्षांना त्यांच्या आईने एकदाच घडवलं होतं. उस्तादांनी पोलादी पत्र्यावर केसाएवढ्या रेघा कोरून चारदा.

आता मात्र नवे संचालक आले होते आणि त्यांना चेहऱ्यांचा कंटाळा होता. "माणूस म्हटला की वाद आला," ते म्हणत. "याला का घेतलं, त्याला का वगळलं. पुलावरून कोणी भांडत नाही." तेव्हा नव्या नोटेसाठी दोन ठसे कोरून घेतले गेले: एक अध्यक्षांचा, एक शहरातल्या मोठ्या पुलाचा. सोमवारी समिती एक निवडणार होती आणि दुसरा भट्टीत जाणार होता. पूल ठरला, तर पुढचे पूल कोरायला यंत्र होतंच. उस्तादांनी घरी बसायचं.

उस्ताद निर्धास्त होते. शनिवारी दोन्ही नमुने छापून त्यांनी तपासणी खात्यातल्या थोरल्या बहिणीपुढे ठेवले. ताईचा जन्म नोटांचे ताव चाळण्यात गेला होता, आणि भावाचं कौतुक करायचं ती कटाक्षाने टाळत असे.

"पूल बरा आहे," ती म्हणाली. "आणि हे कोण?"

"ताई, अध्यक्ष आहेत."

"अध्यक्षांचे भाऊ असतील. माझ्या वर्गात समोरच्या भिंतीवर होते ते, मला नको सांगूस. भांग बघ. आणि ते हसायचे या गालात. तुझे त्या गालात हसतायत."

उस्ताद हसले, आणि मग हसायचे थांबले. ठसा उलटा कोरला तर कागदावर सुलटा उमटतो, म्हणून ते चित्र नेहमी आरशात बघून कोरत. या खेपेला चित्र विभागाने, तेवढीच मदत म्हणून, दोन्ही चित्रं आधीच उलटी करून पाठवली होती. उस्तादांनी सवयीने आरसा लावला. उलट्याचं पुन्हा उलट होऊन ठसा सुलटा कोरला गेला, आणि कागदावर चित्र उलटं उमटलं. आणि आयुष्यभर ठशांवर अध्यक्षांना उलटंच पाहिल्यामुळे कागदावरचे हे उलटे अध्यक्ष त्यांना अगदी हुबेहूब वाटले होते.

"म्हणजे पूलही उलटा?" ताईने नमुना पुन्हा उचलला. ती रोज त्याच पुलावरून कामाला येई. "मला तर काहीच खटकलं नाही."

उस्तादांचा चेहरा हळूहळू उजळला. "दोन्ही असेच नेतो सोमवारी."

"डोकं ठिकाणावर आहे का? नोकरी जाईल."

"पूल निवडला तर तशीही जाणारच आहे."

सोमवारी संचालकांनी पूल डोळे भरून पाहिला. "सुरेख. जसाच्या तसा." मग अध्यक्ष हातात घेतले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी नमुना जवळ नेला, लांब धरला. "यांचं काहीतरी बिनसलंय."

नमुना टेबलाभोवती फिरला. कोणी भांगावर संशय घेतला, कोणी डोळ्यावर. मुख्य हिशेबनिसांना अध्यक्ष आपल्या सासऱ्यांसारखे दिसू लागले आणि त्यांनी कागद घाईने पुढे सरकवला.

"दोन्ही उलटे आहेत, साहेब," उस्ताद म्हणाले. "चूक माझी. आरशाची गफलत झाली. पण पूल तुम्ही पास केलात. चेहरा नोटेवर ठेवतात तो निव्वळ मानासाठी नाही. खोटी नोट काढणाऱ्याची रेघ पुलात चुकली, तर खपून जाते. अध्यक्षांच्या पापणीत चुकली, तर भाजीवाली म्हणते, हे आमचे नव्हेत. तिला कारण सांगता येणार नाही, पण नोट ती घेणार नाही."

संचालकांनी पुलाचा नमुना पुन्हा उचलला. "यात उलटं काय आहे?"

"घड्याळाचा मनोरा पलीकडच्या टोकाला हवा, साहेब."

तो मनोरा संचालकांच्या पाठीमागच्या खिडकीतून स्वच्छ दिसत होता. सगळी समिती तिकडे वळली. संचालकांनी मात्र वळून बघायचं टाळलं.

"अध्यक्ष पुन्हा कोरा," ते म्हणाले. "आणि चित्र विभागाला सांगा, यापुढे कोणाला मदत करू नका."

"आणि पूल, साहेब?"

"मागच्या बाजूला घाला. आहे तसाच."