दाराबाहेरच्या चपला

आहुप्याची हर्षाली ओतूरला मावशीकडं राहून कॉलेज करत होती. दिवाळीला गावी गेली, तर देवराईतली जुनी झाडं आडवी पडलेली! काम ठेकेदाराचं, पण गावात कुणी ब्र काढीना. पोरीचं डोकंच फिरलं. मामाच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला आणि ओतूरला येऊन विपुलच्या सायबर कॅफेतून खोट्या नावानं ऑर्कुटवर टाकला. बघता बघता तो पुण्या-मुंबईपर्यंत पोचला, लोक ठेकेदाराला शिव्या घालू लागले. हर्षाली खूश. आपलं नावच नाही, कोण ओळखणार?

पण देवराईत चपला घालून कुणी जात नाही. जन्माची सवय ती! हिनंही राईच्या कडेला काढल्या होत्या, आणि फोटोच्या कोपऱ्यात त्या ठसठशीत आल्या होत्या. एकीचा तुटका पट्टा लाल रिबिनीनं बांधलेला. आता बोला!

हे तिला कळलं त्याच कॅफेत. ती येऊन बसली, तर शेजारीच ठेकेदाराचा माणूस, चांगदेव. तोच फोटो मोठा करून विपुलला दाखवत होता.

"विपुलशेठ, ह्या चपला पोरीच्या हायेत. कोण घालतं ह्या?"

"लई पोरी येतात भाऊ. कुणाकुणाच्या पायाकडं बघू?" विपुल म्हणाला.

हर्षालीनं दाराकडं पाहिलं. धुळीनं कॉम्प्युटर बिघडतात म्हणून विपुल सगळ्यांना चपला दाराबाहेर काढायला लावायचा. तिच्याही तिथंच पडल्या होत्या, लाल रिबिनीसकट. फोटो काढून टाकावा म्हणून तिनं माऊस धरला, पण शेजारचा चांगदेव पडदा बघेल म्हणून सोडून दिला.

तेवढ्यात विपुलची बहीण डिंपल आतल्या घरातून दूध आणायला निघाली. घाईत दारात दिसेल ती चप्पल पायात सरकवायची, हे तर घरोघरचं. नेमक्या हर्षालीच्याच सरकवल्या. चांगदेवनं ते पाहिलं आणि धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"घावली! शेठच्या घरची पोरगी तू, तुला गं राईचं काय पडलंय?"

डिंपल किंचाळली. विपुल हात जोडू लागला. गप्प बसावं, आपण सुटलो, असं हर्षालीच्या मनात आलं. खोटं कशाला सांगा, आलंच. पण डिंपलच्या बांगड्या फुटल्या, आणि हर्षालीला राहवलं नाही.

"सोडा तिला! चपला माझ्या हायेत. फोटू पण मीच काढला."

चांगदेवनं मनगट सोडलं. आता मारतो, म्हणून हर्षालीनं डोळे मिटून घेतले. तो हसला. खिशातून कॅमेऱ्याचा मोबाईल काढला.

"तुला हात कशाला लावू? तुझाच फोटू टाकतो नेटवर, खऱ्या नावानं. खाली काय लिहायचं ते आमची पोरं बघतील. तुझ्या बापाला गावात तोंड दाखवाया जागा न्हाई राहणार."

त्यानं मोबाईल हर्षालीच्या तोंडासमोर धरला. चेहरा झाकायला हात ओढणीकडं गेला. मागं डिंपल अजून हुंदके देत उभी होती, त्याच चपलांत. चेहरा झाकला, तर हा फोटोसाठी पुन्हा डिंपललाच धरील, ही भीती बदनामीहून मोठी होती. तिनं हात खाली घेतला आणि मोबाईलकडं बघत उभी राहिली.