मामाने मागितलेली बोट

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, अबायांग बेटावरच्या तेमोतु गावच्या सभाघरात, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नेई तेबोरांगा यांच्याकडे त्यांच्या सख्ख्या मामाने सगळ्यांसमोर दवाखान्याची बोट मागितली. त्यांनी ती दिली. मग त्या बायकांच्या ओळीतून उठून पुढे आल्या आणि त्यांनी मामाकडे काहीतरी मागितलं.

बोट दिली यात बातमी नाही. आमच्या बेटांवर नातलगाने सभाघरात बुबुती केली, म्हणजे तोंड उघडून एखादी वस्तू मागितली, की ती द्यावी लागते. नाही म्हणणाऱ्याची गोष्ट त्याच्या नातवंडांनाही ऐकवली जाते. प्रश्न एवढाच होता की दवाखान्याची बोट नेई तेबोरांगांची झाली कशी.

ती झाली फोटोसाठी. परदेशी पाहुण्यांनी तेमोतुच्या दवाखान्याला इंजिनाची बोट दिली तेव्हा चावी आरोग्य अधिकाऱ्याने घ्यायची ठरली होती. ऐनवेळी कोणाला तरी वाटलं, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी शोभून दिसतील. त्यांच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढवला आणि सभाघराच्या मधोमध चावी त्यांच्या हातात ठेवली. फोटो चांगला आला. अधिकाऱ्यांच्या लेखी तो समारंभ होता. भोवती बसलेल्या म्हाताऱ्यांच्या लेखी मात्र सभाघरात ज्याच्या हातावर वस्तू ठेवली, ती त्याची झाली. नेई तेबोरांगा त्याच गावच्या लेक, त्यांना हे कळायला हवं होतं. त्या दिवशी त्या हसत उभ्या राहिल्या.

देशाच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीविषयी एक ओळही नाही. तिला पगार नाही, खातं नाही. फिती कापणं, कप वाटणं, पाहुण्यांच्या बायकांना चटया कशा विणतात ते दाखवणं, एवढंच. नवरा राष्ट्राध्यक्ष होण्याआधी नेई तेबोरांगा याच बेटावर शिक्षिका होत्या. त्यांची एक विद्यार्थिनी, अकोइया, बाळंतपणात अडली. राजधानी तारावाच्या रुग्णालयात न्यायला खोबऱ्याच्या मालवाहू बोटीची वाट पाहिली गेली. बोट आली तेव्हा अकोइया नव्हती. पाहुण्यांनी “काय देऊ?” विचारल्यावर बोट सुचवली ती नेई तेबोरांगांनीच.

मामा, म्हणजे तेकाबु, ती बोट मागणार ही कुणकुण आदल्या दिवशीच निवासस्थानी पोचली होती. राष्ट्राध्यक्ष कैराओई जेवायला बसले होते. पुढचं बोलणं तिथे हजर असलेल्या नणंदेने सांगितलं आहे आणि दोघांपैकी कोणी ते नाकारलेलं नाही.

“देऊन टाक आणि मोकळी हो,” राष्ट्राध्यक्ष म्हणाले. “निवडणूक झाली की दुसरी आणू.”

“आणि दुसरी येईपर्यंत बायकांनी कळा धरून ठेवायच्या?”

“तुझ्या मामाच्या शब्दावर अर्धं बेट मत देतं. तू नाही म्हणालीस तर मला तिथे नारळपाणीसुद्धा कोणी देणार नाही.”

“नाही कोण म्हणतंय? देणारच आहे.”

“मग चेहरा असा का?”

“दिल्यावर मीही मागणार आहे.”

“सभाघरात? बोलणार आहेस तू?” राष्ट्राध्यक्षांनी हातातला मासा खाली ठेवला. “बायका तिथे बोलत नाहीत, तेबो.”

“बोलत नाहीत. बोलू नये असं कोणी ठरवलं, ते मला कधी सापडलं नाही. तू जेव.”

शनिवारी जेवणाआधी मामा चटईवरून पुढे सरकला. वय झालंय, पण आवाज खणखणीत.

“पोरी, तुला मी खांद्यावर बसवून शाळेत नेलं. भरती असली की माझ्या नाकातोंडात पाणी आणि तू वर बसून हसायचीस. आठवतं?”

“आठवतं, मामा.”

“आज तुझ्याकडे बोट आहे. माझ्या कैमाकडे नाही. पोरगा फुटक्या होडीतून मासेमारी करतो. ती बोट मी मागतो.”

मागून कोणीतरी बाई पुटपुटली, “आता नर्सही मागा.” नर्स मेरान मान खाली घालून बसली होती.

“तुमची आहे, मामा,” नेई तेबोरांगा म्हणाल्या. चावी चटईवरून पुढे गेली. टाळ्या पडल्या. राष्ट्राध्यक्षांनी सुटकेचा श्वास घेतला, तो शेजारच्यांनीही ऐकला.

मग त्या उठल्या, म्हाताऱ्यांसमोरून जाताना रीतीप्रमाणे कमरेत वाकल्या आणि मामाच्या पुढ्यात जाऊन बसल्या.

“बाई, तुमची जागा मागे,” एक म्हातारा म्हणाला.

“मागणाऱ्याची जागा समोरच असते, आजोबा. मामाही आत्ता पुढे सरकूनच बसले होते.” त्या मामाकडे वळल्या. “मामा, मीही मागते. कैमा मला द्या.”

सभाघर हसलं.

“कैमा? तो तिशीचा घोडा?” मामा म्हणाला.

“आपल्यात मूल मागून घेतात. वयाची अट मी तरी ऐकलेली नाही. तो माझा मुलगा होईल, माझं काम करील. ज्या बाईला कळा सुरू होतील तिला तारावाला पोचवील, त्याच्या हाताशी जी बोट असेल तिच्यातून. बोट तुमचीच. दिलेलं मी परत मागत नाही.”

हसणं थांबलं.

“मला कोणी विचारणार आहे का?” खांबापाशी बसलेला कैमा म्हणाला.

“माशाला विचारतात का, कुठल्या टोपलीत जायचं?” त्याची मामी म्हणाली. पुन्हा हशा पिकला, पण मामा हसला नाही.

“हे तुला नवऱ्याने शिकवलं?”

“मला आत्ताच कळतंय, मामा,” राष्ट्राध्यक्ष घाईने म्हणाले.

“मग सरकारही हीच चालवते वाटतं!”

“सरकार त्यांना चालवू द्या,” नेई तेबोरांगा म्हणाल्या. “माझी बोट चालली म्हणजे झालं.”

मामाने घरच्यांशी बोलून सांगतो असं उत्तर दिलं. म्हाताऱ्यांत वाद लागला. एकाचं म्हणणं, लग्न होऊन नवऱ्याच्या कुळात बसणारी बाई माहेरच्या कुळाकडे असं मागू शकत नाही. दुसरा म्हणाला, मामाला भाचीकडे मागता येतं तेव्हा ती माहेरची, आणि तिने मागितलं की परकी, हे कसं? शेवटी सगळ्यांत वृद्ध गृहस्थ बोलले, “मागणं कानावर पडलंय. आता न पडल्यासारखं करता येणार नाही.” त्यावर जेवण वाढलं गेलं.

दोघं तारावाला परतल्यावर विरोधी पक्षाने याला निवडणुकीचं नाटक म्हटलं. राष्ट्राध्यक्षांच्या पक्षातल्या दोघांनी, नावं न छापण्याच्या अटीवर, बाईंनी अबायांग हातचं घालवलं असं सांगितलं. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने हा कौटुंबिक विषय असल्याचं कळवलं. नेई तेबोरांगांना विचारलं तेव्हा त्या शाळेतल्या बक्षीस समारंभाला निघाल्या होत्या.

“कौटुंबिकच आहे,” त्या म्हणाल्या. “मामा माझाच आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा जाऊन समोर बसणार आहे. त्याच्या पुढच्या शनिवारीही.”

“आणि निवडणूक?”

“ती त्यांची आहे.”

नर्स मेरानने बुधवारी सकाळी रेडिओवरून सांगितलं की गावात दोघींचे दिवस भरत आले आहेत आणि एकीचं मूल आडवं आहे. मामाचं उत्तर तोवर आलेलं नव्हतं. दुपारी कैमा धक्क्यावर बोटीच्या टाकीत पेट्रोल ओतताना दिसला. कोणासाठी, हे त्याने सांगितलं नाही. त्याचं जाळं मात्र अजून घरासमोरच वाळत होतं.