करंगळीएवढा फरक

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. मी नसतो तर पडद्यावर सूर्य उगवला नसता, समुद्राला लाट आली नसती आणि समस्त मानवजात काळ्या काचेकडे बघत बसली असती. निदान माझ्या खोक्यावर साधारण असेच छापले होते. त्या खोक्यात हल्ली कांदे ठेवतात.

कार्ड हा शब्द नपुंसकलिंगी असूनही मी पुरुषासारखा बोलतो, याबद्दल व्याकरणाच्या जाणकारांनी क्षमा करावी. पाठीवर दोन पंखे असले की थोडा ताठा येतोच.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे धुळीला प्रवेशबंदी होती. इतके स्वच्छ दिवस पुन्हा नशिबी आले नाहीत. तिथून निघालो तो एका दुकानाच्या फळीवर येऊन बसलो. शेजारच्या कार्डाच्या अंगावर सात रंगांचे दिवे होते. येणारा-जाणारा त्याच्याकडेच बघायचा. मी आपला काळा, जाडजूड, समारंभाला ओळखीने आलेल्या दूरच्या काकांसारखा कोपऱ्यात.

एके दिवशी एक बाई आणि तिचा धाकटा दीर दुकानात आले. बाई व्हिडिओ एडिटिंग करायची, म्हणजे चित्रित केलेले तुकडे कापून जोडायची. दिराला घरात सगळे ‘तज्ज्ञ’ म्हणत. त्याने एकदा बंद पडलेला मिक्सर चालू केला होता. मिक्सर पुढे पुन्हा बंद पडला, पदवी मात्र चालू राहिली.

“खेळायला हवंय की कापायला?” दुकानदाराने विचारले.

“कापायला,” बाई म्हणाली. “फोर-के आहे, म्हणजे चित्र खूप मोठं. बोटन् बोट स्वच्छ दिसायला हवं.”

“वहिनी, हे घ्या ना, दिवेवालं,” तज्ज्ञ म्हणाला.

“भावजी, मला मांडव घालायचा नाहीये.”

“दिव्यांवर जाऊच नका,” दुकानदार म्हणाला. “मेमरी बघा. एवढ्याशा ओट्यावर पन्नास माणसांचा स्वयंपाक काढला की पातेली जमिनीवर येतात. मोठ्या चित्राचं तसंच. आणि हे लांबीला जास्त आहे, संगणकाच्या पेटीत मावेल का ते बघून घ्या.”

बाई पेटी मोजून आली होती. वीज पुरेल की नाही तेही तिने विचारून ठेवले होते. मित्रांनो, रूपाकडे न बघता पसंत होण्याचे सुख फार थोड्यांना मिळते. मला मिळाले.

बोटन् बोट का, ते घरी गेल्यावर कळले. बाईची आई जन्मापासून ऐकू न येणारी. कर्णबधिर मुलांच्या शाळेत तिने हयात घालवली. तिथल्या मुलांनी पिढ्यान्पिढ्या स्वतःच्या खुणा घडवल्या होत्या आणि त्या सगळ्या येणारी आता ती एकटीच उरली होती. तिची बोटे आखडू लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, आणखी आखडतील. तोवर लेक त्या खुणांतल्या गोष्टी शाळेसाठी चित्रित करून ठेवत होती. त्या खुणांत ‘मध’ आणि ‘खोटं’ यांत फक्त करंगळीचा फरक. हलली तर मध, नाही हलली तर खोटं.

तज्ज्ञाने मला पेटीत बसवले आणि माझे कौतुक सुरू झाले. “किती शांत आहे हो,” बाई म्हणाली. “आवाज नाही, तापणं नाही.” तज्ज्ञ म्हणाला, “निवड कुणाची?” माणसाला वर्षानुवर्षे राबून जे मिळत नाही, ते मला नुसते बसून मिळत होते. मीही समजलो, एडिटिंग म्हणजे हेच असावे.

पण पडद्यावर आईचा हात अडखळत होता. अस्वल झाडावर चढले, पोळ्यात हात घातला आणि त्याने खोटं खाल्लं.

“आई, करंगळी थांबतेय,” लेकीने खुणेने सांगितले. “पुन्हा करतेस?”

आईने पुन्हा केले. पुन्हा खोटं. मग पुन्हा. शेवटी तिने हात पदरात गुंडाळले. नंतर एकच हात बाहेर काढून म्हणाली, “माझं झालं आता. शाळेला कळव. पोरांना चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं.”

लेक शाळेला निरोप लिहायला बसली, पण तिला पहिली ओळ सुचेना. आई शेजारी येऊन, आपले हात कुठे बिघडले ते एकदा डोळ्यांनी बघावे म्हणून पडदा न्याहाळू लागली. चित्रात तिच्या मागच्या टेबलावरून घरचे मांजर चालले होते. चालले, थांबले, एक पाय हवेतच राहिला, मग एकदम टेबलाच्या टोकाला.

आईने लेकीचा खांदा थोपटला. “माझे सांधे आखडलेत, कबूल. मांजराचे कधी आखडले?”

मग तिने पेटीवर तळवा ठेवला. “हे तर गार आहे. काम कोण करतंय?”

तज्ज्ञ टेबलाखाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते.

“वहिनी, एक सांगू? रागावू नका.”

“बोला.”

“पडद्याची वायर जुन्याच भोकात लागलीये.”

“कुणी लावली?”

“लागली.”

आपल्या भाषेची ही मोठी सोय आहे, मित्रांनो. काच फुटते, दूध उतू जाते, वायर लागते. करणारा कुणी नसतो. इतके दिवस सगळी चित्रे पेटीतली एक किरकोळ चिप एकटीने ओढत होती आणि शांत स्वभावाचे बक्षीस मला मिळत होते.

वायर माझ्यात आली. माझे दोन्ही पंखे फिरू लागले, अंग तापले.

“आवाज येतोय हो,” बाई म्हणाली.

“येऊ द्या,” तज्ज्ञ टेबलाखालूनच म्हणाला.

टाकून दिलेले तुकडे अजून पुसलेले नव्हते. लेकीने ते एकेक लावले. अस्वलाने मध खाल्ला. पुढच्या तुकड्यातही मधच खाल्ला. करंगळी पहिल्यापासून हलत होती.

“चुकले, आई.”

“मला काय सांगतेस? मांजराला सांग,” आई म्हणाली आणि पदर खोचून पुन्हा कॅमेऱ्यासमोर जाऊन बसली. बोटे चालत होती तोवर ती बसत राहिली.

आता बाईकडे नवे कार्ड आले आहे आणि माझी बदली आईच्या शाळेच्या संगणकात झाली आहे. आईची बोटे आता खरोखरच थांबली आहेत. तिची गुंडीसुद्धा लेक लावून देते. पण ती वर्गात मागच्या बाकावर येऊन बसते. पडद्यावरचे तिचे हात मुलांना गोष्ट सांगतात. कुणी मधाचे खोटं केले की ती भुवई वर करते आणि सगळा वर्ग करंगळ्या हलवू लागतो.

तेव्हा मित्रांनो, एखादा हात अडखळताना दिसला, तर दोष देण्याआधी आपली वायर कुठे लागली आहे ते बघा. यंत्रांना जपा, माणसांना त्याहून जपा. आणि तुमच्या सरांना तेवढे सांगा, माझ्यावरची धूळ ब्रशने झटका म्हणावे. तोंडाने फुंकू नका. थुंकी उडते.