आठ बाय सहाचा नवा प्रदेश

आमच्या ह्यांना मंगळवारी दाढी करताना देवाने हाक मारली. गालावर साबण तसाच ठेवून बाहेर आले आणि म्हणाले, ‘अगं, मला निघायला सांगितलंय. बापजाद्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही अशा प्रदेशात.’

हा माणूस मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, पण आपणहून कोपऱ्यावरच्या दुकानातही कधी गेला नाही. मी म्हटलं, जाऊ दे बिचारा. दोन सदरे, गुडघेदुखीच्या गोळ्या, पाण्याची बाटली, सगळं पिशवीत भरून दिलं. मुलगी फोनवर म्हणाली, ‘आई, बाबांना डॉक्टरकडे ने.’ देवाच्या कामात डॉक्टर काय करणार?

हे उंबऱ्यापर्यंत गेले, थांबले, मान कलती करून काहीतरी ऐकलं आणि उलटे फिरले. बाहेरची खोली ओलांडून थेट स्वयंपाकघरात शिरले.

‘हाच तो,’ म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे.

बापजाद्यांबद्दल देव खोटं बोलला नव्हता, हे मात्र खरं. ह्या घराण्यातला पुरुष पाणीसुद्धा बाहेर बसूनच मागायचा.

दुपारपर्यंत टेप लावून मोजणी झाली. आठ बाय सहा. ओट्यावर खडूने हद्दीच्या खुणा झाल्या. मिठाची बरणी खिडकीत गेली. माझं स्टूल ‘वहिवाटीला अडथळा’ म्हणून बाहेर आलं. खुर्ची, पलंग, टीव्ही, सगळं आधीपासून ह्यांचंच. अख्ख्या घरात माझं म्हणून तेवढं एक स्टूल, आणि त्यावर बसून निवांत प्यायचा अर्धा कप चहा. तेही गेलं. माझं डोकंच फिरलं.

संध्याकाळी ह्यांनी नकाशा दाखवला. मोजणीच्या कागदावर एक रकाना असतो, जागेवर सध्या कोण आहे त्याचा. तिथे सुबक अक्षरात लिहिलं होतं : निरंक.

‘अहो, आणि मी?’

‘तू काय?’

‘चौतीस वर्षं मी कुठे होते?’

त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नाही. मोजणीत चूक राहिली की त्याला अन्न गोड लागत नाही. ‘मला सांगितलं तसं लिहिलं,’ म्हणाले. ‘थांब, विचारतो.’

आत जाऊन दार लावून घेतलं. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा माझ्याकडे बघवेना त्यांना.

‘तो म्हणतो, जागा रिकामीच दिसत होती. तिथे कोणी आहे हे त्याला माहीतच नव्हतं.’

चौतीस वर्षं रोज सकाळी, दूध तापेपर्यंत, त्याच ओट्याशी हात जोडून मी त्याच्याशी बोलत आले होते. मुलीच्या तापापासून ह्यांच्या बढतीपर्यंत एक गोष्ट लपवली नव्हती.

ह्यांनी खोडरबर शोधायला घेतलं.

‘राहू द्या ते,’ मी म्हटलं. ‘आधी त्याला विचारा, मग इतकी वर्षं माझं ऐकत कोण होतं?’