घर वाट चुकवतंय

सगळे तिला तारवालीच म्हणायचे. घरातले दिवे, पडदे, स्पीकर एकमेकांशी जोडून द्यायचे आणि ते रुसले की त्यांची समजूत काढायची, हे तिचं काम. त्या दिवशी जेवणाच्या वेळेला ती तिसऱ्या मजल्यावरच्या काका-काकूंकडे पोचली. काकांचा छापखाना होता, आता बंद केलेला. काकूंनी तीस वर्षं लोकांना पोहायला शिकवलं. गेल्या दोन वर्षांत त्यांची नजर हळूहळू विझली.

त्यांच्यासाठीच तारवालीने सहा महिन्यांपूर्वी हे घर बोलतं केलं होतं. खोलीत पाऊल पडलं की छताच्या कोपऱ्यातल्या सेन्सरला कळायचं आणि खोली आपली ओळख द्यायची. स्वयंपाकघरात घड्याळाची टिकटिक, बोळात झुळझुळ पाणी, झोपायच्या खोलीत पारव्यांचं घुमणं, पाहुण्यांच्या खोलीत पानांची सळसळ. कानाच्या कडेला लागावेत इतके हलके आवाज.

"आता घर वाट चुकवतंय बघ," काका म्हणाले. "तेही रोज नाही. चार दिवस सुतासारखं सरळ, मग पाचव्या दिवशी वेडंवाकडं."

तारवालीने स्टुलावर चढून सेन्सर पुसले, वायरी हलवून पाहिल्या, लॅपटॉपवरून एकेका स्पीकरला हाक मारली. सगळे आपापल्या जागी हजर. दुखणं काही सापडेना. तोवर काकांनी जेवण उरकलं, टीव्हीच्या कपाटामागे काहीतरी खुटखुट केली आणि सोफ्यावरच आडवे झाले. लगेच घोरू लागले.

काकू स्वयंपाकघरात तिच्याजवळ सरकल्या. "एक सांगू? यांना बोलले नाहीये."

"सांगा ना."

"गेल्या आठवड्यात पारवे ऐकून मी पलंगावर जाऊन पडले. हात फिरवला, तर उशी माझी नव्हती. पाहुण्यांच्या खोलीत होते मी! तासभर तशीच बसून राहिले. हाकसुद्धा मारली नाही."

"का हो?"

"वाटलं, डोळ्यांपाठोपाठ आता डोकंही चाललं. माझ्या आईचं तसंच झालं होतं."

तिने लॅपटॉप बाजूला ठेवला. "काकू, मला धरून घर फिरवा. मी डोळे मिटते."

काकूंनी तिचं मनगट धरलं. नवख्या माणसाला पाण्यात उतरवावं तसं, घट्ट आणि बेफिकीर. चार पावलांतच भिंती विरघळल्या. पायाखालची फरशी कुठे गार, कुठे उन्हाने कोमट लागत होती; खिडकी जवळ आली की पापण्यांवर नारिंगी उजेड पसरायचा आणि मागे पडायचा. बोळातलं पाणी आलं, घोट्यांशी खेळत गेलं. आपल्याला वजनच नाही, असं तारवालीला वाटू लागलं. हे घर कधी संपूच नये, असंही.

एक वळण झालं आणि पारवे घुमू लागले.

काकूंची बोटं थांबली. "आपण कुठे आहोत?"

तारवालीने डोळे उघडले. समोर पाहुण्यांचा पलंग, त्यावर इस्त्री केलेली चादर.

"ऐकलंस तू?" काकूंचा आवाज एवढासा झाला होता. "तुलाही पारवेच?"

"पारवेच, काकू. चक्क पारवे."

ती धावतच लॅपटॉपकडे गेली. सगळे स्पीकर वीस मिनिटांपूर्वी, एकदमच झोपेतून उठले होते. तिने काकांना हलवलं. "काका, मघाशी कपाटामागे काय केलंत?"

"राउटर बंद केला. दोन मिनिटं. रोज जेवल्यावर करतो," काका डोळे चोळत म्हणाले. "छापखान्यात मशीनला आम्ही असंच गार होऊ द्यायचो. यंत्रालाही जीव असतो गं."

तारवालीने कपाळावर हात मारला. "तो परत सुरू झाला की प्रत्येक स्पीकरला नवा नंबर देतो. जो आधी जागा होईल त्याला पहिला. बहुतेक दिवशी क्रम तोच राहतो, एखाद्या दिवशी बदलतो. मी आवाज पाठवते ते नंबर बघून. नंबरांची अदलाबदल झाली, की झालं! पत्र शेजाऱ्याच्या दारात."

"म्हणजे चुकलं ते घर," काकू सावकाश म्हणाल्या. "मी नाही."

"तुम्ही नाही."

काकू खुर्चीत बसल्या आणि हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला तेव्हा काका गोंधळले. मग काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. उशी, तो तास, आई. ते काकूंच्या खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "मी इथे घोरत होतो," एवढंच म्हणाले.

तारवालीने प्रत्येक स्पीकरला कायमचा नंबर दिला. मग काकांकडूनच पाच वेळा राउटर बंद-चालू करून घेतला. पाचही वेळा पारवे आपल्या खोलीत राहिले.

काकूंनी एकटीनेच घराला फेरी मारली, भिंतीला हातही न लावता. मग सोफ्याशी येऊन म्हणाल्या, "अहो, उठा. मिटा डोळे."

"अगं, मी कशाला?"

"मिटा म्हणते ना!"

तारवाली पेचकस, चिमटे बॅगेत भरत होती. आतून काकांचा गुडघा दाराला आपटल्याचा आवाज आला, पाठोपाठ एक कचकचीत शिवी, आणि काकू म्हणाल्या, "अंग सैल सोडा. घाबरलं की बुडतो माणूस." मग पाणी झुळझुळलं, पानं सळसळली, कुठेतरी घड्याळ वाजू लागलं. बॅग कधीच भरून झाली होती, तरी तारवाली ऐकत बसून राहिली. ती दोघं दुसऱ्या फेरीला निघाली होती.