तुरीतलं मडकं

तिसरं मडकं फुटलं तेव्हा गोपिकानं हातावर झुलत असलेली कणिक परत परातीत टाकली आणि कमरेवर हात ठेवून सरळ धोंडबा कुंभाराकडे पाहिलं.

"बुढ्या, हे मडकं हाये का पापड?"

धोंडबा पिंपळाच्या पारावर विडी ओढत बसला होता. त्यानं राखेत पडलेल्या खापरांकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की हे मडकं पिण्याच्या पाण्याचं आहे, बाजारातून आणलं आहे, त्यानं घडवलेलं नाही. पाण्याच्या मडक्याखाली जाळ लावला तर ते फुटणारच.

"मंग तू काऊन नाई घडवत?"

"घडवतो ना वं. वाळाले वेळ लागते. भाजाले वेळ लागते. मंग रोज त्याच्यावर रोट्या टाकून मुरवा लागते. तुले रविवारी पायजे."

बाकीच्या बायका बोटांवर दिवस मोजू लागल्या. रविवार अगदी तोंडावर आला होता.

आता हे रोटीचं प्रकरण बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे लांब रोटी करतात. कणिक एकदम सैल भिजवायची, मिठाच्या पाण्याचा हात लावत आपटून आपटून ती रबरासारखी करायची, मग गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायचा आणि उपड्या मडक्यावर पसरायचा. मडक्याच्या आत लाकडाचा जाळ. रोटी रुमालासारखी पातळ होते. पहिली रोटी माणसानं खायची नाही, ती गाईची. हे सगळं गावात दोघी-तिघींनाच जमायचं आणि त्यांत माझी बायको सुमती पहिली. गावातलं एकमेव मुरलेलं मडकंही तिचंच. लग्नाच्या पंगतीत ती मडक्यापाशी बसली की वाढणारे दमायचे, ती दमत नसे. गेल्या श्रावणात ती गेली. ताप आला, नागपूरला नेलं, आणि मी एकटा परत आलो. याच्यापुढे त्याविषयी सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नाही.

बायकांचा बचत गट तिनंच उभा केला होता. पापड, कुरड्या, शेवया असं करायच्या. ती गेल्यावर गट मोडल्यात जमा होता, पण मग नागपूरहून रितिका मॅडम आल्या. महिलांना धंदा शिकवायचं त्यांचं काम. मला आधी वाटलं, ही शहरातली पोरगी आमच्या बायकांना काय शिकवणार. पण तिनं पहिल्याच दिवशी चार घरच्या कुरड्या चाखल्या आणि म्हणाली, पापड-कुरड्या सगळेच विकतात, लोक घरी जे करू शकत नाहीत ते विका. मग माझ्या मुलीनं, पायलनं, बाजारच्या मडक्यावर ते तडकायच्या आधी टाकलेली लांब रोटी खाल्ली आणि विषय संपला. त्यानंतर तिनं बायकांना खर्च कसा धरायचा ते शिकवलं, मोबाईलवर पैसे कसे घ्यायचे ते शिकवलं, केसांवर टोपी घालायला लावली. गोपिकाला ती टोपी इतकी आवडली की ती हापशीवर पाण्यालाही टोपी घालून जायला लागली.

पायल नागपुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, हॉस्टेलवर राहायची. आई गेली तशी घरी आली आणि परत गेलीच नाही. मी विचारलं की म्हणायची, जाईन. भाजी चिरता चिरता म्हणायची, त्यामुळे ते खरं आहे की नाही ते कळत नसे. मला वरणभातसुद्धा धड येत नाही हे तिला माहीत होतं. हीच अडचण होती.

नागपूरच्या कडेचं हुडकेश्वर पूर्वी आमच्यासारखंच गाव होतं, आता तिथल्या इमारती आमच्या शेतातून दिसतात. तिथं एकानं रस्त्याला लागून खाण्याच्या दुकानांचा मोकळा चौक काढला. त्यातलं एक दुकान तो बायकांच्या गटाला देणार होता. मागणारे गट दोन, आमचा आणि दुसऱ्या गावचा. मालकानं सांगितलं, दोन्ही गट रविवारी या, लोकांसमोर करा, ज्यांचं लोक खातील त्यांना दुकान. रितिका मॅडमनं पायलला बाजूला घेऊन पुढचंही सांगितलं होतं. कॉलेज सकाळचं, दुकान संध्याकाळचं, गोपिकाची बहीण जवळच राहते, तिच्याकडे खोली. त्या दिवशी घरी येऊन पायलनं पेटीतून पुस्तकं काढून उन्हात ठेवली. ते मी पाहिलं.

म्हणजे दुकान मिळालं तर पोरगी शिकणार होती आणि दुकान मडक्यावर अडलं होतं. गोपिकानं लोखंडी कढई उपडी घालून पाहिली. रोटी अशी चिवट झाली की कुत्र्यानं ती ओढत नेली आणि अर्ध्या वाटेत सोडून दिली.

"सुमतीचं मडकं पायजे होतं," तुळसाबाई म्हणाली. ही माझी चुलत काकू. गावातल्या रीतीभाती तिला विचारून होतात. "पण ते तं गेलं."

गेलं म्हणजे असं. आमच्याकडे माणूस गेलं की तेरवीच्या आधी घरातली सगळी मातीची भांडी बाहेर काढतात, फोडतात, आणि नवीन आणतात. बाहेर गेलेलं भांडं परत घरात आणायचं नाही. माठ, गाडगी, सगळं काढलं. रोटीचं मडकं तुळसाकाकूनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, शिवेवर नेऊन फोड. मी नेलं. शिवेवर उभा राहिलो. तळ काळाभोर, गुळगुळीत, सुमतीचा हात फिरून फिरून झालेला. मला ते फोडवेना. माझं शेत तिथून जवळच, तुरीला बुजगावणं करायचंच होतं. मी काठीवर मडकं उपडं घातलं, खाली माझा जुना शर्ट चढवला, आणि कोणी ओळखू नये म्हणून चुन्यानं डोळे काढले आणि मडक्याच्या गळ्यापाशी झुपकेदार मिशा काढल्या.

सुमतीच्या मडक्याला मिशा काढल्या म्हणून मला नंतर चुकल्यासारखं वाटायचं, म्हणून मी रोज दुपारी डबा घेऊन त्याच्यासमोर बसायचो. मग आपोआप बोलणं व्हायचं. तुरीला फूल धरलं, गाय व्याली, गोपिका टोपी घालून हापशीवर गेली, असं. पोपट शेजारच्या शेतात जायचे, माझ्या तुरीवर बसायचे नाहीत. आता ते बुजगावण्याला भीत होते की माझ्या बोलण्याला, ते पोपटांनाच माहीत.

तर तिसरं मडकं फुटलं त्या दिवशी मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मडकं दिलं तर दुपारी मी कोणाशी बोलणार होतो? आणि पायल गेली तर रात्रीही कोणाशी? हा हिशेब मी तुरीत बसून करत होतो, तेवढ्यात धोंडबा नाल्याची माती पाहायला त्या बाजूनं आला. त्यानं मला राम राम केला, बुजगावण्याकडे पाहिलं, जवळ गेला, आणि वाकड्या बोटानं मडक्याच्या डोक्यावर टिचकी मारली. मग कान लावून पुन्हा मारली.

"हे माझं हाये," तो म्हणाला.

मी भाकरीचा घास तसाच धरून बसलो.

"तुयी बायको माझ्यापाशी बसून होती तेव्हा. मनून राहिली, धोंडबा, रेती जास्त टाक, राख टाक, जाड कर. मी मनलं, वं बाई, मडकं करून राहिलो का विहीर?" तो हसला, मग माझ्याजवळ खाली बसला. बराच वेळ विडी शोधत राहिला. "उन्हात राहून चांगलं कोरडं झालं हाये. आवाज खणखणीत हाये. मी कोणाले नाई सांगत, गा. तुलेच सांगा लागते."

तो गेल्यावर मी मडक्याकडे पाहिलं. मिशांमुळे ते रागावल्यासारखं दिसत होतं. मी म्हणालो, "बरं, बरं. नेतो."

संध्याकाळी मडकं टॉवेलात बांधून, मोटारसायकलच्या टाकीवर धरून गावात आणलं. घरी न्यायची हिंमत नव्हती. सरळ पिंपळाच्या पारावर ठेवलं, जिथं बायका बसल्या होत्या. टॉवेल सोडला. आधी गोपिका हसली, मिशा पाहून. पायल हसली नाही. ती उठून आली, मडक्याच्या तळावरून तळहात फिरवला आणि तिथंच थांबली.

"बाबा, हे आईचं हाये."

"हो."

"तुमी फोडलं नाई?"

"नाई जमलं, पोरी."

तुळसाकाकू पदर सावरून पुढे आली. तिनं मला जे सुनावलं ते सगळं इथं सांगत नाही. सार एवढंच की आमच्या खानदानात असा माणूस झाला नाही, रीत म्हणजे काय खेळ आहे का, आणि बायकोच्या मडक्याला मिशा काढणारा नवरा तिनं उभ्या जन्मात पाहिला नाही. मी मान खाली घालून ऐकलं. बोलता बोलता तिनंही मडक्यावर हात ठेवला. या मडक्यावरच्या रोट्या तिच्या तिन्ही पोरींच्या लग्नात झाल्या होत्या. तिचा आवाज उतरला.

"काकू," पायल म्हणाली, "बाहेर गेलेलं भांडं घरात आनाचं नाई, असंच हाये ना?"

"असंच हाये."

"दुकान घर हाये का?"

तुळसाकाकू विचारात पडली. बायका तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. अखेर ती म्हणाली, "दुकानाचं मले कोनी सांगून नाई ठेवलं," आणि पायलला राख आणायला पाठवलं, मडकं घासायला.

गुळगुळीत तळावरचे डोळे घासून गेले. मिशा गेल्या नाहीत. चुना दव पिऊन मातीत मुरला होता. रोटी तिथपर्यंत येत नाही म्हणून पायलनं त्या राहू दिल्या. मडकं रात्रभर धोंडबाच्या अंगणात राहिलं, म्हणजे रीतही राहिली.

रविवारी हुडकेश्वरला आमच्याआधी दुसऱ्या गावच्या बायका येऊन बसल्या होत्या. त्यांचं सगळं चकाचक, गॅसची शेगडी, मोठा तवा, धिरडी आणि वडे. लोक तिकडेच वळत होते. इकडे पायलनं विटांवर मडकं उपडं घातलं, आत काड्या सारल्या. जाळ धरला तशी धोंडबानं डोळे मिटून घेतले. मीही मिटले. फुटल्याचा आवाज आला नाही.

पायलनं पहिली रोटी टाकली. ती चिकटली आणि मधोमध फाटली.

तिकडची एक बाई हसली. पायलच्या हनुवटीवर घाम आला होता. ती माझ्याकडे पाहू लागली. मग मी जे रोज दुपारी करायचो तेच केलं, मडक्याला म्हणालो, "पायल हाये ना गं, ओळख की." मोठ्यानं म्हणालो की काय कोण जाणे. पायल फस्सकन हसली. तिनं फाटकी रोटी काढून बाजूला ठेवली, मडक्यावर मिठाचं पाणी शिंपडलं, आणि दुसरा गोळा घेतला. या वेळी तिनं घाई केली नाही. कणिक एका हातावरून दुसऱ्या हातावर गेली, कोपरापर्यंत आली, पसरली, आणि मडक्यावर अशी बसली, जणू तिला दुसरी जागाच माहीत नव्हती. पालथ्या हातानं तिनं ती सोडवली. अख्खी निघाली. तिच्यातून पलीकडचा रस्ता दिसत होता.

एक शाळकरी पोरगी ओरडली, "मम्मी, मटक्याला मूछ आहे." मम्मीनं मोबाईल काढला. मग आणखी एकीनं काढला. पांढऱ्या मिशा जाळाच्या उजेडात चांगल्याच उठून दिसत होत्या. फोटो काढायला आलेली माणसं रोटी खाऊन पाहू लागली, आणि खाल्ल्यावर घरी न्यायला मागू लागली. गोपिका टोपी सरळ करत मोबाईलवर पैसे घ्यायचा चौकोन सगळ्यांपुढे धरत होती. रोटीबरोबर द्यायला केलेला सावजी रस्सा दुपारीच संपला, तरी लोक नुसत्या रोटीसाठी उभे होते.

मालक आला. त्यानं रोटी खाल्ली, मडक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही मूछ म्हणजे तुमच्या ब्रँडचा लोगो आहे का?"

गोपिका नाही म्हणायला तोंड उघडतच होती. रितिका मॅडमनं तिच्या पायावर पाय ठेवला.

"हो," मॅडम म्हणाल्या, "खास तयार करून घेतला."

आता दुकानाच्या पाटीवर मिशावालं मडकं रंगवलेलं आहे. धोंडबानं त्याच घडणीची आणखी मडकी केली, एकेक करून मुरताहेत, आणि मिशा काढायला प्रत्येक वेळी मला बोलावतात. पायल सकाळी कॉलेजला जाते. मला खिचडी येते. तिखट जास्त होतं, पण येते.

बुजगावण्याच्या काठीवर मी जुनं हेल्मेट घातलं. हेल्मेटशी बोलणं जमत नाही, आणि पोपटांना ते कळलं आहे. जेवढी तूर त्यांनी ठेवली तेवढी कळमन्याच्या बाजारात नेतो, आणि येताना हुडकेश्वरला दुकानाच्या मागच्या बाजूनं जाऊन जाळापाशी बसतो. मडक्याला गावातलं सांगतो, हळू आवाजात.

"बाबा, गिऱ्हाईक पाहून राहिले," पायल म्हणते.

"पाहू दे."

ती पहिली रोटी टाकते, काढते, घडी करते. पहिली रोटी गाईची. पण त्या चौकात गाय कुठून आणायची. म्हणून ती घडी ती मागे न पाहता माझ्या हातात देते, आणि मी निमूटपणे खातो.